मिर्मेलिऑन वंशाची ओळख : खड्डा, जंभ आणि पंखशिरा

देवळाच्या ओवरीत, गोठ्याच्या भिंतीलगत, ओट्याच्या आडोशास किंवा पुढे झुकलेल्या कातळाखाली, जेथे पावसाचे पाणी पोचत नाही व माती कोरडी आणि भुरभुरीत राहते, तेथे उलट्या शंकूच्या आकाराचे लहान लहान खड्डे दृष्टीस पडतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक अळी मातीत अंग लपवून, जबडे उघडून बसलेली असते. हाच मुंगीसिंह. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी क्षेत्रकार्यास गेला म्हणजे हे खड्डे मोजतो, त्यांचा व्यास घेतो आणि टिपणवहीत ‘मिर्मेलिऑन, जाती अनिश्चित’ असे लिहून पुढे जातो. ह्या नोंदीत जातीविषयीची अनिश्चितता प्रांजळपणे मान्य केलेली असते. वंशाविषयीची निश्चिती कोठून आली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ती खड्ड्यावरून आलेली असते. खड्डा हे मिर्मेलिऑन वंशाचे लक्षण मानता येते काय, येत नसल्यास ह्या वंशाची खरी लक्षणे कोणती, आणि अळीची व प्रौढ कीटकाची ओळख एकमेकींशी कशी जोडावयाची, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नावाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण आजचा बराचसा घोटाळा त्या इतिहासातूनच उतरलेला आहे. ‘मिर्मेलिऑन’ हे नाव मुंगी व सिंह ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा समास होय. रेओम्यूर ह्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या कीटकविषयक ग्रंथमालेच्या 1742 मधील सहाव्या खंडात मुंगीसिंहाचे जे वर्णन केले, ते निरीक्षणाच्या दृष्टीने आजही वाचनीय आहे. खड्डा कसा खणला जातो, भक्ष्य कसे शोषले जाते, कोश कसा विणला जातो, हे सर्व त्याने धीराने पाहून लिहिले. तथापि रेओम्यूरचा भर चरित्रावर होता, वर्गीकरणावर नव्हता. ते काम लिनीअसकडे आले. 1758 मधील दहाव्या आवृत्तीत त्याने मुंगीसिंहास हेमेरोबियस ह्या वंशात घातले होते. 1767 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाराव्या आवृत्तीत त्याने मिर्मेलिऑन हा स्वतंत्र वंश स्थापिला.

लिनीअसच्या ह्या वंशात काय काय होते, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. आज ज्यांस आपण पाल्पारिस म्हणतो ते मोठ्या, ठिपकेदार पंखांचे कीटक त्यात होते. लांब शृंगिकांचे, आज ॲस्कॅलॅफस गटात मोडणारे कीटकही त्यात होते. आणि खड्डा करणारा, साध्या पारदर्शक पंखांचा फॉर्मिकेरियस हाही होता. शेवटचा हाच पुढे वंशाची प्ररूप जाती म्हणून मान्य झाला. म्हणजे आज मिर्मेलिऑन म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे नियमानुसार उत्तर एवढेच की फॉर्मिकेरियस आणि त्याच्याशी वंशाच्या पातळीवर एकजात असणारे कीटक ते मिर्मेलिऑन. बाकीचे सर्व क्रमाक्रमाने बाहेर गेले.

परंतु ते एकदम गेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात रांबूर (1842) आणि वॉकर (1853) ह्यांनी जगभरातून आलेल्या नमुन्यांचे वर्णन केले, तेव्हा जो कीटक मुंगीसिंहासारखा दिसला तो बहुधा मिर्मेलिऑन ह्या नावाखालीच नोंदला गेला. हा वंश एखाद्या जुन्या घराच्या माळ्यासारखा झाला होता; ज्यास अन्यत्र जागा नाही ते येथे ठेवावयाचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बँक्स, डेन्मार्कमधील एस्बेन-पीटर्सन आणि स्पेनमधील जेझुइट कीटकशास्त्रज्ञ नावास ह्यांनी ह्या माळ्याची आवराआवर केली. नावासने नवीन वंश व जाती इतक्या मुक्तहस्ताने निर्माण केल्या की पुढील पिढ्यांस त्या तपासून कित्येक पुन्हा एकत्र कराव्या लागल्या. स्टेंज ह्यांनी 2004 मध्ये जगातील मुंगीसिंहांची जी पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली, तिच्यामुळे प्रथमच सर्व नावे एका ठिकाणी, त्यांच्या प्ररूपांसह, पाहता येऊ लागली. एवढी छाननी होऊनही मिर्मेलिऑन वंशात आज दीडशेहून अधिक जाती आहेत, आणि ध्रुवप्रदेश वगळता तो जवळजवळ सर्व खंडांत आढळतो.

युरोपातील एका उदाहरणावरून ह्या आवराआवरीचे महत्त्व ध्यानात येईल. तेथे खड्डा करणारे दोन मुंगीसिंह सर्वपरिचित आहेत. एकाचे पंख निष्कलंक, दुसऱ्याचे पंख तपकिरी ठिपक्यांचे. दोघांच्या अळ्या कोरड्या, आडोशाच्या वाळूत खड्डे करतात आणि वरवर पाहता सारख्याच दिसतात. जुन्या ग्रंथांत ह्या दोघांची नावे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एखाद्या लेखकाने ‘फॉर्मिकेरियस’ असे म्हटले असता त्यास कोणता कीटक अभिप्रेत होता, हे त्याने पंखांचे वर्णन दिले नसल्यास सांगता येत नाही. मॅक्लाक्लनने 1873 मध्ये ठिपकेदार कीटकास ‘युरोपियस’ असे नवे नाव दिले. परंतु जॉफ्रॉय ह्याने दिलेले, 1785 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘नॉस्ट्रस’ हे नाव अधिक जुने असल्याने तेच ग्राह्य ठरले. 1918 मध्ये एस्बेन-पीटर्सन ह्यांनी ह्या कीटकासाठी युरोलिऑन हा वेगळा वंश केला. आता विचार करावा : दीडशे वर्षांच्या काळात ‘युरोपातील मुंगीसिंह’ ह्या मथळ्याखाली शरीररचनेविषयी, पचनाविषयी, वर्तनाविषयी जे लेखन झाले, त्यातील किती निरीक्षणे एका वंशाची आणि किती दुसऱ्याची? ज्या लेखकाने प्रौढ कीटक जपून ठेवला त्याचे काम आज उपयोगी पडते. ज्याने केवळ खड्ड्यातील अळी पाहिली त्याचे काम, ते कितीही सूक्ष्म असले तरी, अर्धवट निराधार राहिले आहे.

आता प्रौढ कीटकाची लक्षणे पाहू. मुंगीसिंहाचा प्रौढ कीटक रात्री दिव्याकडे येतो तेव्हा बहुतेक लोक त्यास टाचणी किंवा लहान चतुर समजतात. लांब सडपातळ उदर आणि चार अरुंद जाळीदार पंख ह्यांमुळे हा भ्रम होतो. शृंगिकांकडे पाहिले म्हणजे तो दूर होतो. चतुर व टाचणी ह्यांच्या शृंगिका केसासारख्या आखूड व बारीक असतात. मुंगीसिंहाच्या शृंगिका ठसठशीत असून टोकाशी गदेप्रमाणे फुगीर होतात. विसावताना तो पंख उदरावर घराच्या छपराप्रमाणे उतरते मिटतो. ॲस्कॅलॅफस गटातील कीटकांच्याही शृंगिकांना टोकाशी गाठ असते, परंतु त्या बहुधा शरीराच्या लांबीइतक्या किंवा जवळजवळ तितक्या लांब असतात. शिवाय मुंगीसिंहाच्या पंखाच्या टोकाकडील डागाखाली एक विशेष लांबट कोष्ठ असते. ॲस्कॅलॅफसमध्ये ते आखूड असते. ह्या दोन गटांस स्वतंत्र कुले मानण्याची प्रथा दीर्घकाळ होती. 2019 मध्ये माचाडो व त्यांचे सहकारी ह्यांनी जनुकांच्या व्यापक तुलनेवरून ॲस्कॅलॅफस गटाचा उगम मुंगीसिंहांच्या कुलातूनच झाला असे दाखवून त्यांस एकाच कुलात घातले. हे वर्गीकरण सर्वांनी स्वीकारलेले नाही. तथापि लिनीअसने केवळ डोळ्यांनी पाहून ज्यांस एका वंशात ठेवले होते, ते अडीचशे वर्षांनी पुन्हा निदान एका कुलात तरी शेजारी आले, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे.

वंश ठरविण्यासाठी पंखांच्या शिरा पाहाव्या लागतात. शिरांस आज जी नावे आपण वापरतो त्यांची पद्धती कॉमस्टॉक आणि नीडहॅम ह्यांनी 1898-99 मध्ये रूढ केली. ह्याच नीडहॅमने पुढे 1909 मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील जालपंखी कीटकांच्या संग्रहावर टिपणे लिहिली, आणि आपल्या देशातील ह्या गणाच्या अभ्यासास ती आजही उपयोगी पडतात. मिर्मेलिऑन ओळखताना प्रथम मागील पंख पाहावा. अरीय शिरेपासून तिची शाखा, म्हणजे अरीय उपशिरा, जेथे फुटते त्या बिंदूच्या अलीकडे, पंखाच्या बुडाकडील भागात, आडव्या शिरा किती आहेत ते मोजावे. मिर्मेलिऑन व त्याच्या जवळच्या वंशांत ही शाखा बुडापासून बरीच दूर फुटते आणि तिच्या अलीकडे बहुधा चार किंवा अधिक आडव्या शिरा असतात. नेमोलिऑन आणि डेन्ड्रोलिऑन ह्यांच्या गटांत ही शाखा बुडाजवळच फुटते व तिच्या अलीकडे बहुधा एकच आडवी शिर असते. ही गणना दहापट वाढविणाऱ्या साध्या भिंगानेही करता येते. चुकीच्या ओळखींपैकी निम्म्याहून अधिक एवढ्यानेच टळतील असे आमचे मत आहे.

नंतर पुढील पंखाची पुढची कड पाहावी. मिर्मेलिऑनमध्ये ह्या कडेच्या पट्ट्यात कोष्ठांची एकच रांग असते. ॲकॅन्थॅक्लिसिस आणि त्याच्या नातलग वंशांत त्या दोन असतात. पंख सामान्यतः पारदर्शक व ठिपक्यांवाचून असतात, परंतु केवळ ठिपके नाहीत म्हणून कीटक मिर्मेलिऑन, असे म्हणणे बरोबर नव्हे. रंगखुणा हे सर्वांत डोळ्यांत भरणारे आणि म्हणूनच सर्वांत फसवे लक्षण आहे. नराच्या मागील पंखाच्या बुडाशी पुष्कळ जातींत एक लहान गाठ असते. तिची रचना एल्ट्रिंगहॅम ह्यांनी 1926 मध्ये वर्णिली. वक्षातील ग्रंथीतून स्रवणारा गंध हवेत पसरविण्याशी ह्या गाठीचा संबंध आहे असे मानले जाते. एल्ट्रिंगहॅमने तपासलेला कीटक मात्र नॉस्ट्रस होता, म्हणजे आजच्या वर्गीकरणाप्रमाणे युरोलिऑन. त्या काळी त्यास मिर्मेलिऑनच म्हणत. तेव्हा ही गाठ जवळच्या वंशांतही असते आणि मिर्मेलिऑनच्या काही जातींत ती नसतेही; तिचे असणे पुष्टी देते, नसणे काहीच सिद्ध करीत नाही. जातीच्या निश्चितीसाठी शेवटी नराच्या उदराच्या टोकाकडील जननांगांचीच तपासणी करावी लागते.

अळीचा विचार करताना काही गोष्टी संपूर्ण कुलाच्या आणि काही थोड्याच वंशांच्या आहेत, हे सतत ध्यानात ठेवले पाहिजे. विळ्यासारखे वाकलेले लांब जबडे हे कुलाचे लक्षण. प्रत्येक जबडा दोन अवयवांचा बनलेला असतो. वरचा जंभ, आणि त्याच्या खालच्या पन्हळीत बसणारी जंभिका. दोहोंच्या मध्ये जी नळी तयार होते तिच्यातून अळी भक्ष्याच्या शरीरात पाचक रस सोडते आणि द्रवरूप झालेले अन्न शोषून घेते. तोंड म्हणून जी उघडी जागा आपण शोधतो ती तेथे नसतेच. मध्यांत्राचा मागील भागही बंद असल्याने अळीच्या संपूर्ण आयुष्यात साचलेला मल प्रौढ झाल्यावरच बाहेर टाकला जातो. पाठीमागील पायाची नडगी व पाऊल एकजीव झालेली असतात. हे सर्व कुलाचे.

मिर्मेलिऑनकडे येताना जंभाच्या आतील कडेवरील दात पाहावेत. ते तीन असतात. त्यांमधील अंतरे, त्यांच्या दरम्यानचे राठ केस आणि टोकाच्या दाताची लांबी ह्यांवरून जाती वेगळ्या करता येतात. उदराच्या नवव्या खंडाच्या खालच्या बाजूस खणण्यास उपयोगी पडणारे जाड केस असतात. बादानो आणि पांतालेओनी ह्यांनी 2014 मध्ये युरोपातील मुंगीसिंहांच्या अळ्यांचे जे विवेचन प्रसिद्ध केले त्यात अशा लक्षणांचा उपयोग किती काटेकोरपणे करता येतो हे दिसते. भारतीय जातींच्या अळ्यांसाठी तसा ग्रंथ कोणी सिद्ध करील तर तो फार मोठा उपकार होईल. क्षेत्रात करून पाहण्यासारखी एक सोपी चाचणीही आहे. अळी सपाट कागदावर ठेवावी. मिर्मेलिऑनची अळी केवळ मागे सरकते. पुढे चालणे तिला जमत नाही. वाळूत मोकळी राहणाऱ्या, खड्डा न करणाऱ्या बऱ्याच वंशांच्या अळ्या पुढेही चालतात. मागे सरकण्याची ही सक्ती आणि खड्डा खणण्याची कला ह्यांचा संबंध उघड आहे.

खड्डा कसा होतो ते आता पाहू, कारण त्याच्या रचनेतच त्याचे वर्गीकरणातील मोल का मर्यादित आहे ह्याचे कारण दडलेले आहे. अळी मागे सरकत प्रथम एक वर्तुळाकार चर आखते. उदराचे टोक नांगराच्या फाळाप्रमाणे मातीत शिरते; आतल्या बाजूची माती डोक्यावर येते आणि डोक्याच्या झटक्याने ती बाहेर फेकली जाते. वर्तुळ लहान लहान होत जाते आणि अळी मळसूत्राच्या मार्गाने मध्यापर्यंत पोचते. फ्रँक्स व त्यांचे सहकारी ह्यांनी 2019 मध्ये युरोलिऑन नॉस्ट्रसवर केलेल्या अभ्यासात असे दाखविले की ह्या मळसूत्री खोदाईमुळे मोठे कण निवडून बाहेर जातात आणि भिंतीवर बारीक कणांचा थर राहतो. हा थर सुट्या कणांच्या स्थिरकोनाच्या, म्हणजे ज्या उतारावर ते जेमतेम टिकून राहतात त्या कोनाच्या, अगदी निकट असतो. मुंगीचा पाय पडताच तो ढासळतो. मुंगी वर चढू पाहते तेव्हा अळी खालून माती उडविते, तिने उतार पुन्हा अस्थिर होतो, आणि मुंगी तळाशी येते. ल्यूकास ह्यांनी 1982 मध्ये अमेरिकेतील मिर्मेलिऑनच्या खड्ड्यांचे भौतिकशास्त्रीय विवेचन करताना भिंतीवरील बारीक कणांच्या ह्या अस्तराचे महत्त्व स्पष्ट केले होते.

ह्याचा अर्थ असा की खड्ड्याचा आकार ठरविण्यात अळीइतकाच मातीचा वाटा आहे. कोनाची मर्यादा कणांनी घातलेली. व्यासाची मर्यादा अळीच्या वयाने, भुकेने व शेजाऱ्यांच्या दाटीने. पहिल्या अवस्थेतील अळीचा खड्डा काही मिलिमीटरांचा, तिसऱ्या अवस्थेतील अळीचा चार-पाच सेंटिमीटरांपर्यंत. परंतु ज्या कोणत्याही प्राण्यास कोरड्या, सुट्या मातीत घसरणीचा सापळा करावयाचा असेल, त्याचा सापळा शंकूच्याच आकाराचा होणार. दुसरा आकार तेथे टिकणारच नाही. आणि असे प्राणी एकाहून अधिक आहेत. मुंगीसिंहांच्याच कुलात युरोलिऑनप्रमाणे जवळचे वंश आहेत. त्यांखेरीज दूरच्या शाखेतील क्युएटा ह्या वंशाच्या अळ्याही खड्डे करतात, आणि क्युएटा आपल्या देशातही आहे. इस्रायलमध्ये क्युएटा लिनिओसा आणि मिर्मेलिऑन हायलिनस ह्या जाती एकाच प्रदेशात राहतात. पहिलीचे खड्डे उघड्या, तापलेल्या जागी आढळतात. दुसरी सावलीचा आश्रय अधिक पसंत करते. तेव्हा भर उन्हातील खड्डा पाहिल्यास संशय घ्यावा, हे खरे. परंतु संशय म्हणजे ओळख नव्हे.

सर्वांत नामी उदाहरण तर कीटकांच्या दुसऱ्याच गणातील आहे. माशांच्या, म्हणजे द्विपंखी गणातील व्हर्मिलिओ आणि त्याचे नातलग ह्यांच्या अळ्या अगदी तसेच शंकूच्या आकाराचे खड्डे करतात. त्यांस पाय नसतात व विळ्यासारखे जबडेही नसतात. भक्ष्य पडताच त्या शरीराचा वेटोळा त्याभोवती टाकतात. अमेरिकेतील मुंग्यांचे अभ्यासक व्हीलर ह्यांनी 1930 मध्ये ह्या दोन्ही खड्डेकऱ्यांवर मिळून एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. ज्या लक्षणाने दोन गण एकमेकांपासून वेगळे पडत नाहीत, त्याने एक वंश कसा ठरावा? खड्डा हे वर्तन आहे, आणि भिन्न मार्गांनी चाललेल्या प्राण्यांत ते स्वतंत्रपणे उद्भवले आहे.

ह्या काटेकोरपणाने साधते काय, असे कोणी विचारील. उत्तर संशोधनाच्या फलितांतच आहे. योशिदा व त्यांचे सहकारी ह्यांनी 2001 मध्ये जपानमधील मिर्मेलिऑन बोरे ह्या जातीच्या अळीच्या लाळेतून कीटकांना पांगळे करणारे एक प्रथिन वेगळे केले. ते अळीचे स्वतःचे नव्हते. तिच्या शरीरात राहणाऱ्या एका जीवाणूने ते तयार केलेले होते, आणि इतर प्रथिनांची घडी नीट बसविणे हे ज्यांचे कार्य म्हणून आपण ओळखतो त्या वर्गातील ते प्रथिन होते. झुरळाच्या शरीरात ते टोचले असता झुरळ पांगळे होते. आता ही सहजीवनाची व्यवस्था अन्य मुंगीसिंहांत आहे काय, असा शोध आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने ओवरीतील अळ्यांवर घेतला आणि त्या अळ्या वास्तविक क्युएटाच्या निघाल्या, तर त्याच्या निष्कर्षाचा अर्थच पालटेल. आर्नेट आणि गोटेली ह्यांनी 1999 मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागातील मिर्मेलिऑन इमॅक्युलेटसविषयी असे दाखविले की उत्तरेकडे जावे तसतसा ह्या मुंगीसिंहाचा आकार वाढत जातो. ह्या निष्कर्षाचा सगळा भार उत्तरेकडील व दक्षिणेकडील कीटक एकाच जातीचे आहेत ह्या गृहीतावर आहे. ते गृहीत खात्रीचे नसते तर ‘आकारात फरक’ ह्या शब्दांतून दोन जातींची सरमिसळ एवढेच निष्पन्न झाले असते.

तेव्हा अळीची ओळख प्रौढाशी जोडलीच पाहिजे, आणि ती जोडण्याचा विश्वासार्ह मार्ग म्हणजे अळी वाढविणे. सुदैवाने मुंगीसिंह ह्या बाबतीत अभ्यासकास फार त्रास देत नाही. उपासमार तो महिनोन्‌महिने सोसतो. प्रत्येक अळी मात्र स्वतंत्र भांड्यात ठेवावी, कारण एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींस खातात. मूळ जागेची माती चाळून भांड्यात चार-पाच सेंटिमीटर भरावी आणि मुंग्या किंवा लहान किडे अधूनमधून द्यावेत. अळीच्या तीन अवस्था असतात. खाद्य मुबलक असेल तर त्या लवकर उरकतात, नसेल तर वर्ष-दोन वर्षेही लागतात. पूर्ण वाढलेली अळी खड्डा सोडून देते आणि मातीत खाली जाऊन गोल कोश विणते. त्याचे रेशीम माल्पीघी नलिकांत तयार होते व गुदमार्गाने बाहेर येते. बाहेरून कोश मातीच्या गोळीसारखा दिसतो, आतून तो मोत्यासारखा पांढरा व गुळगुळीत असतो. उष्ण हवेत साधारण महिनाभराने कोशस्थ कीटक आपल्या जबड्यांनी कोशास छिद्र पाडतो, अर्धा बाहेर येतो, आणि त्याची कात त्या छिद्रात अडकलेली ठेवून प्रौढ बाहेर पडतो.

येथे दोन गोष्टींकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. पहिली साधी आहे, पण तिच्याअभावी वर्षभराचे श्रम वाया जातात. भांड्यात एक उभी काडी रोवून ठेवावी. नवा प्रौढ कीटक तिच्यावर चढून पंख पसरतो. काडी नसेल तर पंख चुरगळलेले राहतात आणि ज्या शिरांवर ओळख अवलंबून त्याच वाचता येत नाहीत. पंख पसरल्यानंतरही एक-दोन दिवस त्यास जिवंत ठेवावे, म्हणजे रंग व अंग पक्के होतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोश फेकून देऊ नये. अळीने शेवटची कात कोशाच्या आतच टाकलेली असते, आणि तिच्यात जबडे, त्यांवरील दात व डोक्याचे कठीण कवच शाबूत राहते. रिकामा कोश कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून कात्रीने उघडला असता ही कात बाहेर काढून काचपट्टीवर पसरता येते. एकाच व्यक्तीचे अळीपणातील जबडे आणि प्रौढपणातील पंख अशा रीतीने एकत्र हाती येतात. न मारता, न कापता अळीचे प्रमाण मिळविण्याची इतकी सोय कीटकांच्या फार थोड्या गटांत आहे.

जनुकीय खुणांच्या साहाय्याने अळी व प्रौढ ह्यांची जुळणी करण्याची पद्धती आता सुलभ झाली आहे आणि तिचा अवलंब अवश्य करावा. त्यासाठी अळीचा एक पाय तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवणे पुरेसे होते. परंतु ती पद्धती दोन नमुने एकाच जातीचे आहेत एवढेच सांगते. ती जात कोणती, हे सांगण्यासाठी तुलनेस घेतलेल्या प्रौढाचे नाव कोणीतरी शिरा व जननांगे पाहून ठरविलेले असावे लागते. चुकीच्या नावाने जमा झालेली जनुकीय नोंद ही चुकीच्या नावाने ठेवलेल्या टाचणीवरील कीटकापेक्षा अधिक दूर पसरते, हेही विसरू नये.

विभागाच्या संग्रहात ह्यापुढे मुंगीसिंह ठेवताना अळीचा क्रमांक, काच, कोश व प्रौढ ह्या सर्वांवर एकच अंक असावा. चिठ्ठीवर ठिकाण, दिनांक, जमिनीचा प्रकार, जागा सावलीची की उन्हाची, आणि खड्ड्याचा व्यास लिहावा. प्रौढ हाती आलेला नसेल तेथे वंशाचे नाव न लिहिता ‘मुंगीसिंह कुल, खड्डा करणारी अळी’ एवढेच लिहावे, आणि वंशाची जागा पेन्सिलीने भरण्यासाठी मोकळी सोडावी.